जयगड ते तवसाळ, पाच वेळा

आप्पा पिलणकरांची गाडी नेवऱ्याच्या चढावर चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा त्यांनी हर्षदला फोन करून "थांबली" एवढा एकच शब्द सांगितला आणि फोन ठेवून दिला. बत्तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. कुठं थांबली, कशी थांबली, धूर आला का, हे विचारायला पलीकडे कुणी उरलंच नाही.

हर्षद शिवलकर त्या वेळी रत्नागिरीत, नाचणे रोडवरच्या आपल्या गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली उताणा पडलेला होता. तो शब्द ऐकून तो तसाच पडून राहिला. एरवी कुणाची गाडी बंद पडली की गॅरेजवाल्याला मनातून बरंच वाटतं, खोटं कशाला बोला. पण ही गाडी थांबली की हर्षदचं लग्न थांबत होतं.

भानगड अशी होती. आप्पांची मुलगी ऋतिका रत्नागिरीत एका पतपेढीत नोकरीला. मालगुंडहून रोज स्कूटरनं यायची-जायची. ही स्कूटर गेल्या वर्षभरात सतरा वेळा हर्षदच्या गॅरेजात आली. इतकी धडधाकट स्कूटर सबंध जिल्ह्यात नसेल. सतराव्या खेपेला हर्षदनं धीर करून सांगितलं, की हिला काहीही झालेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यावर ती म्हणाली, मलाही. ऋतिकाच्या आईला, यमुनाबाईंना, हे कळायला आठवडा पुरला. आप्पांना सांगायला मात्र शिमगा उजाडावा लागला, कारण पुरणपोळी पोटात गेली की ते वायच मऊ होतात असा घरातला अनुभव होता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, आणि हर्षदला बोलावणं धाडलं. तो आला तसा त्याला उभ्याउभ्याच निकाल सांगितला.

"तू इंजिनातला हायस, मी पण इंजिनातला. चांगलं झालं. माझी गाडी वाटेत थांबते, ती का थांबते ते शोध. शोधलंस की सगळी मिळून वेळणेश्वराला जाऊ, देवाच्या कानावर घालू. मधी एकदाही थांबली नाय, तर साखरपुडा. थांबली, तर दीपक अकरा तारखेला सुट्टीवर येतोय."

दीपक म्हणजे आप्पांच्या बोटीवरच्या मित्राचा मुलगा. तोही बोटीवर, थर्ड इंजिनिअर. त्याच्या एका बोटाच्या खुणेवर अख्खी बोट चालते आणि थांबते, असं आप्पा सांगत. हर्षदच्या बोटाच्या खुणेवर तूर्त एक टेम्पोसुद्धा चालत नव्हता.

आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. ते बोटीच्या इंजिनरूममध्ये होते हे मालगुंडात पोरासोरांना ठाऊक होतं, कारण आप्पाच सांगत. शेजारी मिक्सर फिरला तरी ते मान तिरकी करून "बेअरिंग" म्हणत. कुणाचा पंप कुरकुरला की "बेअरिंग." एकदा देवळात भजनाची पेटी जरा बेसूर वाजली तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं होतं. त्यांचं घर मात्र बघण्यासारखं होतं. फाटक, कठडा, विहिरीचा रहाट, माडांच्या बुंध्यांवरचे पट्टे, सगळं इतक्या निगुतीनं रंगवलेलं की कुठं एक ओघळ दिसायचा नाही. इंजिनातला माणूस असून रंगाचा हात असा, याचं गावाला मोठं कौतुक होतं.

तर हर्षदनं कामाला हात घातला. त्याच्याकडे नवाकोरा स्कॅनर होता. गाडीला लावला की पाटीसारख्या पडद्यावर तिची सगळी दुखणी उमटतात. आप्पांच्या गाडीला लावला तर एकच दुखणं उमटलं, पी शून्य तीन तीन पाच. क्रँक पोझिशन सेन्सर, सर्किटमध्ये दोष. हर्षदला हायसं वाटलं. पहिल्या फटक्यात चोर सापडला म्हणून त्यानं मोठ्या उत्साहानं आप्पांना समजावून सांगितलं, की इंजिनाचा मुख्य दांडा फिरताना नेमका कुठं आहे, हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत असतो. निरोप तुटला की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिन बंद करून टाकतो.

आप्पांनी तो अंगठ्याएवढा सेन्सर चिमटीत धरून उलटासुलटा पाहिला. "इंजिन कुठं हाय ते सांगायला बोटीवर माणूस लागत नसे," ते म्हणाले. "ते खालीच असायचं."

हर्षदनं सेन्सर बदलला. गाडी पावसपर्यंत नेली आणि परत आणली, वाटेत कुठं हूं का चूं नाही. आप्पांच्या दारात गाडी लावून, यमुनाबाईंच्या हातचं सरबत पिऊन तो घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा रत्नागिरीला निघाले आणि नेवऱ्यात "थांबली."

मग त्याचा क्रम ठरूनच गेला. गाडी थांबायची, वीसपंचवीस मिनिटांनी आपली आपण चालू व्हायची, आणि गॅरेजात येऊन अशी शहाण्यासारखी उभी राहायची की जणू आळ हर्षदच घेतोय. त्यानं दुसरा सेन्सर बसवला. मीटर लावून एकेक वायर तपासली. इंजिन चालू ठेवून वायरी हलवून पाहिल्या, ओढून पाहिल्या, अर्थिंगचे बोल्ट घासून पुन्हा आवळले. सेन्सरच्या सॉकेटात जरा हिरवट गंज दिसला, तो पुसला. समुद्राकाठच्या गाडीत गंज कुठं नसतो? कोल्हापूरच्या एका वाकबगार मित्राला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. मित्र म्हणाला, इंजिन उत्तम आहे, मालक तपास.

सगळ्यात वाईट म्हणजे गाडी हर्षदच्या हाती कधीच थांबत नव्हती. तो तिला राजापूरपर्यंत नेऊन आणायचा, पावसला दोनदा घिरट्या घालायचा, ती आपली वाऱ्यासारखी. आप्पांनी घरून काढली की चारसहा किलोमीटरमध्ये खलास. आप्पांना आता वेगळाच संशय येऊ लागला होता. पोरगा गाडीला काही शिकवून पाठवतोय की काय, असं त्यांनी यमुनाबाईंना विचारल्याचं ऋतिकानं सांगितलं.

गावानं आपापल्या परीनं निदानं केलीच. कुणी म्हणालं खारा वारा, कुणी म्हणालं उंदीर. नेवऱ्याच्या चढावर राखणदाराची जागा आहे, तिथं आप्पांनी हॉर्न वाजवला असणार, असंही एक मत पडलं. यमुनाबाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. लिंबू बांधलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि देव पाण्यात घालून बसल्या. हर्षद त्यांना मनापासून आवडला होता. या पोराच्या हाताला यश येऊ दे, एवढं एकच मागणं त्या सकाळ-संध्याकाळ मागत होत्या.

एप्रिलची आठ तारीख आली. दीपक अकराला उतरणार होता, त्याचं जेवण काय करायचं इथपर्यंत आप्पांचं ठरलं होतं. हर्षदनं आठला सबंध दिवस गाडी गॅरेजात ठेवून तिसरा सेन्सर घातला आणि हात जोडले. नऊला सोमवार होता, वेळणेश्वराला जायला चांगला वार. मालगुंडहून जयगड, तिथून फेरीबोटीत गाडी घालून खाडीपलीकडे तवसाळ, आणि पुढं हेदवीवरून वेळणेश्वर, असा बेत ठरला.

हर्षद सकाळी सात वाजता स्कॅनर, हत्यारांची पेटी आणि चौथा सेन्सर घेऊन हजर झाला. यमुनाबाईंनी एक जड पिशवी डिकीत ठेवायला दिली. आत अकरा नारळ आणि एक कोयता होता. देवासाठी असतील म्हणून त्यानं ती नीट कोपऱ्यात टेकवून ठेवली. निघताना यमुनाबाई हळूच काही म्हणाल्या, त्यावर आप्पांनी मान हलवली आणि आज ते बोटीवर, असं काहीतरी उत्तर दिलं. हर्षदनं लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजात होतं.

गाडी आप्पा चालवत होते, शेजारी हर्षद, मागं मायलेकी. चार किलोमीटर झाले, सहा झाले, दहा झाले. हर्षद श्वास मोजत होता. जयगडचा फाटा आला, उतार लागला, खाडी दिसली, तरी गाडी चालतच होती. जेटीवर आप्पांनी गाडी रांगेत उभी केली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितलं.

"बरी चालली," ते म्हणाले.

आप्पांच्या तोंडून दोन शब्द म्हणजे दुसऱ्याचं भाषण. हर्षदला भरून आलं. गाडी बोटीत चढली, हातब्रेक लागला, आणि तो इतका हलका झाला की ऋतिकाबरोबर वरच्या डेकवर जाऊन उभा राहिला. दोघं लोकांसमोर अशी एकत्र पहिल्यांदाच उभी राहत होती, त्यामुळं दोघंही एकमेकांकडे न बघता खाडीकडे बघत राहिली. बोटीवर खाली काय चाललंय, इकडे त्यांचं ध्यान असण्याचं कारण नव्हतं.

तवसाळ आलं. बोटीच्या तोंडाची, गाड्या उतरायची लोखंडी फळी खाली पडली. पुढच्या दोन गाड्या, एक मासळीचा टेम्पो, सगळे भराभर वर गेले. आप्पांनी गाडी चालू केली, ती फळीवर चढली, पुढची दोन चाकं जमिनीवर, मागची दोन बोटीवर, आणि थांबली.

"थांबली," आप्पा म्हणाले. या खेपेला फोनची गरज नव्हती.

पुढचा प्रकार सांगायला सोपा, पण सोसायला कठीण होता. गाडी बाजूला झाल्याशिवाय फळी उचलता येत नव्हती, फळी उचलल्याशिवाय बोट हलत नव्हती, आणि भरतीचं पाणी वर चढत होतं. बोटीवरचा खलाशी भागोजी हातातला दोर टाकून धावत आला. पलीकडून गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. आप्पांनी तिथल्या तिथं सगळ्याचा ताबा घेतला, कुणाला डावीकडे लावलं, कुणाला उजवीकडे, आणि दहाबारा जणांनी मिळून गाडी ढकलली. चढ कसला, भिंतच ती. ओल्या फळीवर पाय घसरत होते. वर जाणाऱ्या गाडीपेक्षा खाली येणारी माणसं जास्त झाली, तेव्हा भागोजीनं सांगितलं, की मागं घ्या, बोटीतच राहू द्या, एक फेरी मारून परत येताना बघू. गाडी मागं ढकलायला मात्र कुणाचीच गरज लागली नाही.

अशी पिलणकर मंडळी वेळणेश्वराला निघालेली, ती परत जयगडला चालली. ऋतिका पायऱ्यांवर बसून ओढणीचं टोक पिळत राहिली. हर्षदनं शर्ट काढला आणि गाडीखाली शिरला. स्कॅनरनं तेच रडगाणं लावलं होतं, पी शून्य तीन तीन पाच. त्यानं खालून बॅटरीच्या उजेडात सेन्सर पाहिला, गाडी चालू करून बघा अशी हाक मारली आणि ती चालू झाली. वर टाळ्या पडल्या. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. आप्पांना इंजिन बघायची हौस, बघत असतील, असं त्याला वाटलं. इतक्यात त्याच्या ओठावर वरून एक थेंब पडला. मग दुसरा.

थेंब गोड होता.

कूलंट गोड असतं हे हर्षदनं कुठंतरी ऐकलेलं होतं. त्यानं थू थू करून तोंड पुसलं, पण मनातून तो उठून नाचायच्या बेतात होता. सापडला चोर. कूलंट गळतंय, ते सेन्सरवर पडतंय, सर्किट बिघडतंय. तो लगबगीनं बाहेर आला तोवर बॉनेट बंद झालं होतं. त्यानं ते पुन्हा उघडून कूलंटची टाकी पाहिली. टाकी काठोकाठ भरलेली होती. एक थेंब कमी नव्हता.

तो त्या टाकीकडे बघत डोकं खाजवत राहिला, तेवढ्यात बोटीनं जयगड गाठलं, गाड्या भरल्या आणि ती पुन्हा तवसाळला निघाली. तवसाळला फळी पडली, आप्पांची गाडी मोठ्या डौलानं चढली, आणि पुढची दोन चाकं जमिनीवर, मागची दोन बोटीवर.

या खेपेला लोकांनीच न सांगता गाडी मागं घेतली. त्यांनाही आता सवय झाली होती. भागोजी आप्पांपाशी येऊन सौम्यपणे म्हणाला, "काका, तुम्ही महिन्याचा पासच काढा."

आप्पा बाकावर जाऊन बसले. एवढा ताठ माणूस, पण खांदे पडले होते. मग ते समोर पाण्याकडे बघत म्हणाले, की दीपकच्या बापाला संध्याकाळी फोन करतो. ऋतिकानं एकदा हर्षदकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला दिसलं. हर्षदला वाटलं, आपण गॅरेज बंद करावं, स्कॅनर खाडीत टाकावा आणि त्याच्यामागून आपणही जावं.

पण गॅरेजवाल्याची जात चिवट असते. त्यानं भागोजीला विनवलं, की या फेरीत मला इंजिन चालू ठेवू द्या, दहाच मिनिटं. भागोजी म्हणाला, काय पण करा, पण उतरा. हर्षदनं बॉनेट उघडलं. नेहमीसारखं काही वेळानं इंजिन आपलं आपण चालू झालं, तसा तो कमरेत वाकून, स्कॅनर एका हातात धरून, डोकं आत घालून उभा राहिला. पडद्यावर इंजिनाचा वेग दिसत होता. आठशे. आठशे दहा. आठशे. हाताला वायरी लागत होत्या, सगळं जागच्या जागी होतं. आठशे.

तेवढ्यात त्याच्या उजव्या कानात गार पाणी शिरलं. ते मानेवरून घरंगळलं, हनुवटीवरून गळलं आणि धार धरून खाली इंजिनात गेलं. पडद्यावर सातशे झाले. चारशे. इंजिनानं दोन आचके दिले. शून्य.

हर्षदनं हळूहळू डोकं बाहेर काढलं. समोर आप्पा डोळे मिटून उभे होते. ओठ पुटपुटत होते, आणि हातातलं नारळाचं भकल इंजिनावर उपडं होतं. शेजारी यमुनाबाई दुसरं भकल सांभाळून धरून आपली पाळी यायची वाट बघत होत्या.

"काकी," हर्षद म्हणाला. "हे तुम्ही... नेहमी करता?"

"तर काय रे बाबा. लांब निघायचं असलं की पहिलं काम हेच, आणि तू गाडी आणून दिलीस की तर दुसऱ्या दिवशी हटकून. बोटीवर इंजिन उघडून परत जोडलं की ह्यांच्या हातानं त्याला नारळ पाजायचे म्हणे, तेव्हापासूनची रीत हाय आमच्याकडे. आधी एक फोडायचो. पण तुझ्या हाताला यश येईना, म्हणून मी दोन केले, मग तीन. परवा तर पाच फोडले हो तुझ्या नावानं."

"मी पण एक," पायऱ्यांवरून ऋतिका म्हणाली.

हर्षद तिथंच गाडीच्या चाकाशी खाली बसला. सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकत गेलं. सेन्सरच्या सॉकेटाचं फाटलेलं रबर, त्यातला हिरवा गंज. घरून निघताना नारळ, चार किलोमीटर हादरत पाणी आत उतरायचं, गाडी थांबायची. तापलेल्या इंजिनावर ते वीस मिनिटांत सुकायचं, गाडी सुटायची. त्याच्या हाती ती कधी थांबत नव्हती, कारण तो कधी नारळ फोडत नव्हता. लोक देव पाण्यात घालतात. या माउलीनं इंजिन घातलं होतं, आणि तेही त्याच्याच लग्नासाठी.

आता हे सांगायचं कसं? यमुनाबाईंना सांगितलं तर त्या बिचाऱ्या रडत बसतील. आप्पांना सांगायचं म्हणजे बत्तीस वर्षांच्या इंजिनरूमवर बोट ठेवायचं. आणि न सांगावं तर पिशवीत अजून आठ नारळ होते. हर्षद उठला आणि आप्पांना म्हणाला, जरा मागच्या बाजूला येता का.

बोटीच्या मागच्या टोकाला कुणी नव्हतं. हर्षदनं तोंड खाली घालून, शब्द चाचपत, सॉकेट, रबर, गंज, पाणी असं सगळं सांगितलं, आणि शेवटी, बोटीच्या इंजिनाचं वेगळं असेल, त्यात असले नाजूक सेन्सर नसतील, अशी पुस्तीही जोडली. आप्पा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. हर्षदला वाटलं, आता हे आपल्याला खाडीत ढकलणार.

"डर्बनच्या जवळ होतो," आप्पा म्हणाले. "मी लागलो त्याच्या चौथ्या वर्षी. जनरेटर नवीन बांधला होता. मी त्याच्या पेटीवर नारळ फोडला. बोट सहा तास काळोखात."

"मग?"

"मग काय. चीफ इंजिनिअर काय बोलला नाय. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ब्रश दिला."

हर्षदला क्षणभर उमगलं नाही. मग त्याला ते फाटक आठवलं, तो कठडा, माडांचे ते पट्टे. "म्हणजे उरलेली अठ्ठावीस वर्षं..."

"रंगवली," आप्पा म्हणाले. "बोट. इंजिनरूम पण रंगवली एकदा. बाहेरून." ते खाडीकडे बघत राहिले. बोटीच्या पंख्यानं घुसळलेलं पाणी मागं पांढरं होत जात होतं. "अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या रे. वाटायचं, त्याला देवाधर्माचं वावडं हाय म्हणून माझ्यावर राग काढला. माझं काम गेलं त्या नारळात. आज कळतंय, चीफ बरोबर होता."

इतका वेळ ज्या माणसाला तो घाबरत आला होता, त्या माणसाचं नाक लाल झालं होतं. त्यानं खिशातला ऑइलनं माखलेला फडका पुढं केला. आप्पांनी तो घेतला आणि त्याच्यानं डोळे पुसले, त्यामुळं दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले.

"घरात हे ठाऊक नाय," आप्पा म्हणाले.

"कशाला ठाऊक व्हायला हवं?" हर्षद म्हणाला.

"पण गाडी थांबली की रे. दोनदा."

"थांबली," हर्षदनं कबूल केलं.

आप्पांनी विचार केला. मग बऱ्याच दिवसांनी त्यांच्या अंगात बोटीवरचा माणूस संचारला. "बोटीवर गाडी बंदच ठेवायची असते," ते म्हणाले. "तो नियम हाय. आणि फळी म्हणजे बोटच." त्यांनी लांबून भागोजीला हाक मारून विचारलं, की फळी बोटीची की जमिनीची. बोटीची, असं भागोजीनं ठणकावून सांगितलं. त्याला ही गाडी कोणत्याही कायद्यानं उतरायला हवी होती.

जयगड आलं आणि गेलं. हर्षदनं सॉकेट उघडून दोन्ही पिना घासल्या, फवारा मारून कोरड्या केल्या, पेटीतलं नवीन रबर चढवलं आणि वरून घट्ट टेप गुंडाळली. पाचव्या फेरीत आप्पा स्वतः बॉनेटसमोर हाताची घडी घालून पहाऱ्याला उभे होते. यमुनाबाई दोनदा पिशवी घेऊन आल्या, दोन्ही वेळा त्यांनी, आता नको, वेळणेश्वरात, असं सांगून त्यांना परत पाठवलं. तवसाळला फळी पडली. गाडी चढली, चारही चाकं जमिनीवर आली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत भागोजी दोन्ही हात वर करून उभा होता. ती परत येते का काय याची खात्री करत असावा.

पुढं हेदवी आलं, घाटी आली, उतार आला, गाडी कुठं अडखळली नाही. आप्पा गाडी चालवत होते आणि मधून मधून उगाच हसत होते. वाटेत यमुनाबाईंनी विचारलं, की शेवटी बिघाड काय निघाला. हर्षदनं आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं.

"वायर ढिली होती काकी," हर्षद म्हणाला.

"बेअरिंग पण," आप्पा म्हणाले.

वेळणेश्वराच्या देवळाबाहेर माडांच्या सावलीत गाडी उभी राहिली. आप्पा खाली उतरले, हर्षदच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की साखरपुड्याचा दिवस दीपक आल्यावर धरू, तो पण जेवायला येईल. ऋतिका आईच्या गळ्यात पडली. यमुनाबाईंनी पदरानं डोळे टिपले, देवळाकडे बघून हात जोडले, आणि गाडीकडे वळल्या.

"बघा, फुकट गेले नाय ना नारळ," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं मागितलं, सगळं मिळालं. आता आधी हिलाच द्यायला हवा." आणि त्यांनी पिशवीतून सगळ्यात मोठा, शेंडीवाला नारळ आणि कोयता काढला.

आप्पा डावीकडून आले, हर्षद उजवीकडून. कोण आधी पोचलं ते सांगता येणार नाही, पण यमुनाबाई पोचेपर्यंत सासरा आणि जावई बॉनेटवर शेजारी शेजारी मांडी ठोकून बसलेले होते. तीस किलोमीटर चालून आलेलं बॉनेट चांगलंच तापलं होतं. दोघांच्याही कपाळावर घाम फुटला, पण उठायला कुणी तयार नव्हतं.

यमुनाबाईंनी नारळ हातात घेऊन दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी तो देवळाच्या पायरीवर फोडला आणि ऋतिकाला हळूच म्हणाल्या, "पोरगा ह्यांच्याच वळणावर जायचा, असं मला आधीपासून वाटत होतं."